पूर्वेला गॅस आहे

सोमवार, १ फेब्रुवारी
आणि वर मलाच विचारतात, तू प्रार्थना करतेस का म्हणून. मला. आमचे पाद्री अबूना बखूम, सगळ्यांसमोर. माझा नझीर बसलेला, सून फिबी बसलेली, आणि बाळंतपणासाठी कैरोहून आलेल्या विहीणबाई तर पुढ्यातच. नातवाचा बाप्तिस्मा एकवीसला. धर्ममाता मी होणार हे मकारी पोटात होता तेव्हाच ठरलंय. तर विहीणबाई चहा ढवळत म्हणाल्या, अबूना, धर्ममातेनं पोराला प्रार्थना शिकवायची असते ना? नुसतं धरून ठेवायला पाळणासुद्धा चालतो. शाळेत शिकवून शिकवून बाईंच्या जिभेला धार आलीय. मी म्हटलं, मी दिवसाच्या सातही प्रार्थना करते. अबूना मला उम्म नझीर म्हणतात, म्हणजे नझीरची आई. म्हणाले, सात नको उम्म नझीर, एकच कर. पहाटेची. पण रोज. बाप्तिस्म्याआधी येऊन विचारीन.
एक म्हणजे डाव्या हातचा मळ.

मंगळवार, २
गजर लावणार नाही. समोरच्या मशिदीत बांग होते, तेव्हाच उठायचं. आज बांग ऐकली. मन एकाग्र करायला डोळे मिटले. उघडले तेव्हा भिंतीवर ऊन होतं.

गुरुवार, ४
खालच्या उम्म हाशिमला सांगून ठेवलं. ती नमाजाला उठतेच. उठलीस की नळाच्या पाइपवर लाटणं हाण. म्हणाली, म्हणजे तुमच्या अबूनांनी तुझं काम मलाच लावलं म्हणायचं.

शुक्रवार, ५
उठले. पूर्वेला तोंड करून उभी राहिले. आमच्या घरात पूर्वेला गॅस आहे, त्यात माझी काय चूक. वर नाश्त्याच्या वालांचं पातेलं. पन्नासावं स्तोत्र सुरू केलं, 'देवा, माझ्यावर दया कर' एवढ्यात वाल उतू गेले. गॅस पुसला. मग स्तोत्र कुठवर आलं होतं ते आठवेना. पुढचं देवाला पाठ असतंच. आजची हिशोबात धरली.

सोमवार, ८
अमशीर महिन्याचा वारा सुटलाय, खिडक्या आपटतात. या गोंगाटात तुझं लाटणं ऐकू येत नाही, असं उम्म हाशिमला सांगितलं. ती म्हणाली, मग वरून शिव्या कुणाला देत होतीस? शिव्या नव्हेत. 'प्रभू दया कर' म्हणत होते. झोपेत माझा आवाज जाड होतो.

गुरुवार, ११
नझीर आज बोलला. बाप्तिस्मा झाला की ते तिघं कैरोला राहायला जाणार. विहीणबाईंच्या वरच्या मजल्यावर जागा मिळालीय. फिबी म्हणाली, आई, तुम्ही या ना सुट्टीत. सुट्टीत. म्हणजे मी पाहुणी. तिकडे पोराला माझं नाव तरी कोण सांगणार? धर्ममाता झाले की गोष्ट वेगळी. देवासमोर हात वर करून पोराच्या वतीनं मी बोलले म्हणजे ते नातं कुणाच्या बापाला पुसता येत नाही.
उद्यापासून कडक.

शनिवार, १३
काल उम्म हाशिमनं उठवलं नाही. म्हणजे तिनं हाणलं, मी उठले नाही. म्हणून रात्री बाहेरचे कपडे घालूनच झोपले, अर्धं काम आधीच उरकलेलं. आज उठले. गॅस बंद ठेवला. उभी राहिले आणि म्हटलं, मकारी. त्यापुढं रडूच आलं. बराच वेळ. दुसरं काही म्हणता आलं नाही.
आजची धरत नाही. एकही स्तोत्र झालं नाही.

बुधवार, १७
विहीणबाईंनी मकारीला मांडीवर घेऊन अख्खं पन्नासावं स्तोत्र म्हटलं, माझ्याकडे बघत. अक्षर चुकलं नाही. पोर झोपलं. मी म्हटलं, शाळेतही पोरं अशीच झोपत असतील. नझीर हसला. फिबी हसली नाही.
पाच रात्री बाहेरचे कपडे घालून झोपतेय. इस्त्री वाया.

शुक्रवार, १९
अबूना आले. मी म्हटलं, रोज करते, हवं तर उम्म हाशिमला विचारा. मीच म्हटलं. जळो माझी जीभ. फिबी लगेच तिला वर घेऊन आली.
ती बाई पाद्र्यासमोर खोटं बोलेना. म्हणाली, अबूना, मी रोज पहाटे हाणते. ही रोज ओरडते, ऐकलं गं, मेलीस का तिकडे. मग पुन्हा घोरणं. पण एक दिवस रडली. पाइपातून सगळं ऐकू येतं. पोराचं नाव घेऊन रडत होती, माझा नमाज संपला तरी थांबली नव्हती.
विहीणबाईंचा चमचा कपात थांबला.
अबूना दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, उम्म नझीर, ती कुठली प्रार्थना होती? मी म्हटलं, ती धरलीच नाही मी. ते उठले. म्हणाले, रविवारी पोराला हातात कोण घेणार ते मी आज सांगत नाही. तू त्याला विचार, आणि काय म्हणाला ते मला येऊन सांग.
त्याला म्हणजे तुला. तर ऐक, देवा. विहीणबाईंनी रविवारसाठी निळा ड्रेस काढून ठेवलाय, मी डोळ्यांनी बघितलाय. मी की ती, एवढंच सांग. उद्या शनिवार, संध्याकाळच्या घंटेच्या आत सांग. दुपारी ये, मी घरात असते. पहाटे येऊ नकोस, पहाटे मला जाग येत नाही.