तुरीच्या डब्यातल्या गोळ्या

ती. गोवर्धनदादांना अकोल्याहून शकुनचा नमस्कार.

रागिणी आता दोन घास जेवते. पण खरं सांगते, पोरीला मनाची गोळी द्यायचा मला भरवसाच नव्हता. हे गेले तेव्हाही ह्यांच्या असल्याच गोळ्या चालू होत्या. म्हणून मी तिला रोज अर्धीच दिली, अर्धी तुरीच्या डब्यात लपवली. म्हणावा तसा फरक दिसेना म्हणून काल डॉक्टर गोळी दुप्पट करायला निघाले, तेव्हा कबूल केलं. त्यांनी वाढवली नाही.

रागिणी म्हणाली, "माय, गोळी मी खाऊन राहिली, मंग मलेच काहून नाही सांगतलं?"

गोळीवरचा माझा संशय अजून गेला नाही. पण आता जे विचारायचं ते डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारते.

वहिनींचा गुडघा कसा आहे? हे कोणाला वाचून दाखवू नका.

तुमची शकुन