छकुलीच्या चित्राला घातलेला हार

प्रिय सुमन,

तू गेल्यापासून तुला लिहावं असं वाटलंच नाही. काहीच वाटत नव्हतं म्हण. आज बसलोय, कारण सकाळी तुझ्या लेकीच्या चित्राला हार घातला गेला.

घाबरू नकोस, छकुली बरी आहे. जेवते, शाळेत जाते. फक्त रडत नाही. तुला नेलं तेव्हाही रडली नाही. सेक्टर सहामधले सगळे शेजारी म्हणाले, लहान आहे, तिला काय कळतंय? ते मला लागलं. म्हणून तिचं चित्र काढायला घेतलं. जन्मभर स्टील प्लांटमध्ये धोक्याच्या पाट्या रंगवल्या, चेहरे तेवढे घरी बसून शिकलो. पिवळ्या रंगाचा डबा उघडला, पण हात पुढे जाईना. मग नुसतं काळं आणि पांढरं. डोळ्यांखालची सावली ब्रशनं येईना, ती बोटानं काढली. बघणारे डोळे पुसत. मला वाटलं, जमलं.

ते तुझ्या फोटोशेजारी टांगलं. तुझा फोटो रंगीत, लाल शालूतला, हसरा. तूच सांग, तो गेलेल्या माणसाचा कुणाला वाटेल?

तुझी चरोद्याची मावशी तेरवीला येऊ शकली नव्हती, ती आज आली. हार तुझ्यासाठीच आणलेला. डोळ्यांत मोतीबिंदू. काळापांढरा चेहरा दिसला, त्यालाच घातला. वर म्हणते, "भाऊजी, सुमीचा लहानपणचा फोटो बरा मोठा करून घेतला तुम्ही."

मागे छकुली दप्तर घेऊन उभी.

"आबाजी, मैं भी मर गई क्या?"

टिफिन कुठे आहे विचारावं, तशा आवाजात.

"अवं माय, मले दिसलं नाही वं," म्हणत मावशीनं तिला पोटाशी धरलं. जावई फर्स्ट शिफ्टला गेलेले. मी हार काढला, "नाही बेटा" म्हणालो, पुढचं सुचेना. तुला सुचलं असतं. ताप अंगावर काहून काढला तू, सुमे? किती म्हटलं, डॉक्टरला दाखवून ये.

मग छकुलीलाच विचारलं, "चित्र काढून टाकू काय?"

"हो. ती रडून राहिली. मी कुठं रडून राहिली?"

चित्रातले डोळे माझेच होते.

ते उतरवून कपाटामागे ठेवलंय. तुला शब्द देतो, तिच्या आधी तिचं रडू मी कुणाला दाखवणार नाही. ते येईल तेव्हा येईल. तोवर घर सोडून मी कुठे जात नाही.

तुझे,
बाबा