लिंबाच्या चवीचा मेंदू

सोमवार, दि. ४
ती. दादास,
चिमणीचा सा. न. वि. वि.
बेकरीतून वेळ काढून माझं एक काम कर. सोबत मेंदूचा साचा पाठवलाय, आणि कुठला भाग काय करतो त्याचा कागदही. जेलीचे सहा मेंदू पाडून शुक्रवारी सकाळी शाळेत पोचव. मुलं ते हातात घेऊन, कापून बघतील. शाळा तपासनीस साहेब येणार आहेत. त्यांना पटलं नाही तर माझं शाळांमधून शिकवणं बंद, आणि मी परत प्रयोगशाळेत बाटल्या विसळायला! जेली करडी हवी, बिनसाखरेची. स्वतःचं डोकं चालवू नकोस, पाया पडते.
लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.
तुझी चिमणी

गुरुवार, दि. ७
चि. चिमणीस,
अ. उ. आ.
करडा करून बघितला. फरशी पुसायच्या फडक्यासारखा दिसत होता गं! असलं काही माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. म्हणून तुझा कागद समोर ठेवून चवी घातल्या. मागचा बघण्याचा भाग लिंबू, पुढचा विचाराचा संत्रं, खालचा तोलाचा पुदिना. साखर बेताचीच आहे.
राग आला तरी लोभ असू दे.
दादा

शनिवार, दि. ९
दादा,
नमस्कार मागाहून. मुलांनी मेंदू खाल्ले! मी फळ्याकडे वळले आणि लिंबाचा एक तुकडा सोडून सगळे फस्त. पुदिनावाली पोरं, आता आपल्याकडे दोन तोल आहेत म्हणत, बाकांवर एका पायावर उभी. संत्रंवाली एक मुलगी मुख्याध्यापिकाबाईंना सल्ले देत सुटली. उरलेलं लिंबू साहेबांनी चाखलं आणि चष्मा काढून वाचता येतंय का ते हळूच बघितलं.
मग त्यांनी विचारलं, दिसतं कुठल्या भागामुळे? अख्खा वर्ग ओरडला, मागच्या, लिंबाच्या! साहेब खूश. उपक्रम मंजूर. फक्त शेरा असा, की शिकवलं जेलीने, तेव्हा यापुढे बेकरीवाल्यालाच पाठवावं, शिकवणाऱ्या बाईंची गरज नाही. मला रडूच आलं रे. तुझं अभिनंदन करू की तुला झोडपून काढू?
चिमणी

मंगळवार, दि. १२
चि. चिमणीस,
अ. उ. आ., आणि डोळे पूस.
साहेबांना भेटून आलो. म्हटलं, कागदाशिवाय मला तोल कुठे असतो तेही सांगता येत नाही. शिकवणार चिमणी, नाहीतर मेंदू मिळणार नाही. कबूल झाले, पण मीही वर्गात यायचं म्हणाले. लिंबू जास्त मागितलंय.
आता अडचण माझी आहे. चौथीत वर्गाबाहेर काढलं, त्यानंतर मी कुठल्या वर्गात पाऊल टाकलेलं नाही. पुढच्या बुधवारच्या वर्गात मला तुझ्या शेजारी उभं कर. आणि पुन्हा बाहेर काढणार नाहीत ना, तेवढं आधी विचारून ठेव.
तुझाच लोभी,
दादा