चार बोटं अरुंद दार

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. मला दोन अपत्यं, मोठी आणि धाकटा. दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मी इस्पितळात असताना मोठीने पुढच्या खोलीतली जुनी गाडी न्यायला भंगारवाल्याला बोलावलं. धाकटा गाडीत बसला, काचा वर केल्या आणि संध्याकाळपर्यंत उतरला नाही. तेव्हापासून एकाच खोलीत बसून ती म्हणते, "आई, त्याला सांग, पंखा कमी कर." तो म्हणतो, "आई, तिला सांग, बटण तिच्याच डोक्यामागे आहे." मी गेल्यावर हे निरोप कोण पोचवणार, या काळजीने पुढची कलमं लिहिली आहेत.

२. बँकेत असेल ते निम्मं निम्मं. भांडण्याइतकं ते नाही. शिवणयंत्र सुनेला, कारण त्याला आठवणीने तेल तीच घालते. मोठी कात्री मोठीला. तिने कात्रीने कागद कापल्यास हे कलम रद्द.

३. राहतं घर, दारं-भिंतींसकट, मोठीचं.

४. गाडी धाकट्याची. ह्यांनी ती आणली तेव्हा पुढच्या खोलीत माझं दुकान होतं. शटर उघडून तिला आत ढकललं. ह्यांचे दोस्त मेकॅनिक म्हणाले, "वहिनी, पंधरा दिवसांत पळवतो." अकरा वर्षं लागली. तेवढ्यात माझ्या दोन उशा सीटमध्ये गेल्या आणि पिठाच्या चाळणीत नटबोल्ट धुतले गेले. रंग तीनदा दिला. पहिला फुगला, दुसऱ्यावरून मांजर चालून गेलं.

५. गाडी खोलीबाहेर निघत नाही, हा दोष माझा. शटर काढून लाकडी दार बसवलं, तेव्हा मापं मी घेतली. मडगार्ड रंगवून भिंतीला टांगलेले होते, ते मोजायचे राहिले. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना शिवणीत बोटभर माया सोडली, गाडीला सोडली नाही. मडगार्ड बसले, इंजिन सुरू झालं आणि दार चार बोटं कमी पडलं. हे धुरात उभे राहून इतके हसले, की मी मेकॅनिकना पाणी आणायला पिटाळलं. मडगार्ड पुन्हा काढू म्हटलं, तर म्हणाले, "नको गं, रंग खरवडेल. बस आत, घरातच फिरू." त्याच वर्षी हे गेले.

६. हत्यारांची पेटी मेकॅनिकना हवी होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून मी त्यांना साक्षीदार केलं आहे. पेटी गाडीबरोबर राहील.

७. गाडी बाहेर काढण्यासाठी कोणीही भिंत फोडू नये. मडगार्ड काढले की ती निघते. मी पुन्हा मापली, या वेळी दोनदा. मात्र हे काम एकट्याचं नाही. एकाने चाकापाशी आडवं पडून आतून नट धरायचा, दुसऱ्याने वरून बोल्ट फिरवायचा. एकाला दुसऱ्याचे हात दिसत नाहीत, त्यामुळे "धर", "थांब", "अगं सोड" हे तोंडाने म्हणावंच लागतं. निरोप्याचा उपयोग नाही. हे काम माझ्या दोन अपत्यांनीच करावं. मेकॅनिकना तशी ताकीद दिली आहे.

खाली मोठीने पडावं. ती अंगाने बारीक आहे, शिवाय भंगारवाल्याला तिनेच बोलावलं होतं. धाकट्याने वरून घाई करू नये. पहिला बोल्ट गंजलेला आहे, एक दुपार सहज खाईल. रंग खरवडला तर खरवडू द्या.

नट-बोल्टचे पाने पेटीच्या वरच्या खणात आहेत. एकाच मापाचे दोन ठेवले आहेत.

सही : (आई)

साक्षीदार १ : मेकॅनिक (पेटीबद्दल नाराजी नोंदवून)
साक्षीदार २ : समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका (शुद्धलेखन तपासून)

ठिकाण : पुढची खोली, बॉनेटवर कागद ठेवून
दिनांक : ९ मार्च २०२३