हिरव्या शाईतलं टोक

मल्लेश्वरम, २ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या-माझ्या घरांत मेट्रोचा अर्धा तास आहे आणि पत्राला चार दिवस लागतात, तरी पत्रच लिहितोय. फोनवर तू हल्ली सगळ्यालाच ‘बरं झालं’ म्हणतेस. परवा माझा पाय मुरगळल्याचं सांगितलं, तेही बरंच झालं.

बातमी अशी, की अण्णांच्या वहीतला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मी बांधलाय. मूळचा घर बदलताना भंगारात गेला. ते पाप कुणाचं, यावर नंतर भांडू. व्हॉल्व्ह एस. पी. रोडवर मिळाले. दुकानदार म्हणाला, स्वल्प जुने आहेत सार, पण तुमच्यापेक्षा नवे. ट्रान्सफॉर्मर आमच्या कारखान्यातल्या जुन्या महांतेशनं बोम्मसंद्र्याच्या त्याच्या युनिटात गुंडाळून दिला. वर विचारतो, मुठीएवढा स्पीकर घरभर ओरडतो, तर तीनशे व्होल्टात हात कशाला घालालाय सर?

अण्णांचा नियम आठवतो? चालू यंत्रात उजवा हात, तेव्हा डावा खिशात. माझ्या पायजम्याला खिसाच नाही, म्हणून शुभदानं शिवून दिला. या वयात विधवा व्हायचा तिला कंटाळा आहे.

२० ऑक्टोबरच्या रविवारी अण्णा शंभराचे झाले असते. त्या दिवशी पहिली तबकडी लावणार. तू हवीस.

रागावलीस तरी लोभात काटछाट नसावी.
तुझा धाकटा,
नंदकिशोर


जयनगर, ९ सप्टेंबर

चि. नंदूस अनेक आशीर्वाद, आणि पाय शेकत जा.

मी येणार नाही. गुडघे, गर्दी अशी कारणं लिहिली होती, मग तो कागद फाडला. खरं सांगते. माझे कान गेलेत. सगळे नाही, बारीक आवाज गेले: दाराची बेल, कोकिळा, बायकांची कुजबुज. कुकरच्या शिट्ट्या आमची सूनबाई देवश्री मला बोटांनी दाखवते. तिनंच कानात घालायचं यंत्र आणलंय. ते डबीत सुखात आहे.

चारचौघांत मी बाकीच्यांचे चेहरे बघून हसते, आणि दर वेळी जरा उशिरा हसते. अण्णांच्या दिवशी मला ते सोंग नको. तबकडी लागेल, तुम्ही माना डोलवाल, आणि मी तुमच्या माना बघत बसेन.

सुरू केल्यावर अण्णा अर्धं मिनिट कुणाला बोलू द्यायचे नाहीत. व्हॉल्व्ह लालसर व्हायचे, आणि गाण्याआधी घूंऽ असा आवाज यायचा. तुझ्या यंत्रात येतो का रे तो?

माया आहे तेवढी आहे, मागून वाढत नाही.
अक्का


मल्लेश्वरम, २० सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डबीतल्या यंत्राबद्दल लिहिलं तर भांडण होईल, म्हणून लिहीत नाही.

अर्धं मिनिट, लालसर व्हॉल्व्ह, सगळं तसंच. घूंसुद्धा आला, आणि त्यानं दोन आठवडे माझं डोकं खाल्लं. काल सापडलं! अर्थिंगची एक तार वहीतल्या नकाशात दोन्ही टोकांना जोडलेली आहे. एक टोक मोकळं सोडायचं असतं, नाहीतर यंत्र घुमणारच. मी ते कापलं. आता इतकी शांतता आहे, की शेजारचा मिक्सर ऐकू येतो.

आयुष्यभर तपासणी खात्यात बसून दुसऱ्यांचं काम नापास करणाऱ्या अण्णांची चूक मी पकडली, अक्का. अठ्ठावन्नाव्या वर्षी का होईना, बापाच्या पुढे गेलो.

तू ये. कोपऱ्यात बस. हसायची सक्ती नाही.

नंदू


जयनगर, २७ सप्टेंबर

चि. नंदूस आशीर्वाद, यंदा थोडे कमी.

ती चूक अण्णांची नाही, माझी आहे.

१९७१ साल. मी दहाची, तू पाचाचा, पलंगाखाली झोपलेला. अण्णांनी पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. म्हणाले, ही तार लाव. एकच टोक लावायचं होतं. दुसरं मोकळं लोंबत होतं, मला त्याची दया आली, म्हणून तेही लावलं.

सुरू केल्यावर घूं. अण्णांनी यंत्र उलटं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, पास. एका ओरखड्यासाठी कारखान्यात अख्खा रेडिओ परत पाठवणारा माणूस! पुढे मला कळायला लागल्यावर कितीदा विचारलं, काढू का. म्हणायचे, राहू दे, यंत्र जागं झालेलं समजतं.

माझे बारीक आवाज गेले, जाड राहिलेत. लॉरी कळते, पिठाची गिरणी कळते. घूंसुद्धा कळला असता, म्हणून विचारलं होतं. असो. कापलंस ते शास्त्राला धरूनच आहे.

अक्का


मल्लेश्वरम, ४ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वही भिंगाखाली धरली. सगळा नकाशा निळ्या शाईत आहे. ते दुसरं टोक तेवढं हिरव्या. हिरवी शाई तपासणी खात्याची. घरी अण्णांनी ती एरवी कधी उघडली नाही. शेजारी त्यांची सही आणि तारीख, १५ ऑगस्ट १९७१.

तुझी तार उखडायची सोडून त्यांनी नकाशाच दुरुस्त केला, अक्का. पुढे जो कुणी बांधेल, त्यानं तुझ्यासारखंच बांधावं म्हणून. मला त्यांनी जन्मात एकदाही पास केलं नाही, पण ते राहू दे.

डावा हात खिशात ठेवून मी ते टोक पुन्हा जोडलंय. घूं परत आलाय. महांतेश म्हणाला, सर, चांगलं होतं ते बिघडवलंत की. त्याला सांगितलं, तपासणी खात्याच्या सहीनं बिघडवलंय.

तबकडी लावायची की नाही, ते तू ठरव.

नंदू


जयनगर, ११ ऑक्टोबर

चि. नंदूस अनेक आशीर्वाद. मागचे कापलेलेही यातच धर.

वीस तारखेला साडेदहापर्यंत येते. मला यंत्राच्या अगदी जवळची खुर्ची ठेव. त्या अर्ध्या मिनिटात कुणी तोंड उघडलं तर खबरदार.

घूं ऐकायला मला कानातलं यंत्र लागायचं नाही. तरी देवश्रीकडून डबी उघडून घेतली आणि नवी बॅटरी घातली. एकतिसाव्या सेकंदाला तू बोलायला लागशील.

तुझी अक्का