धक्क्यावर न येणारी माणसं

३ फेब्रुवारी
मिळालं! तीन दिवसांचं काम, तेही खाडीकाठी बसून — पलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांची मोजणी! सरकार नवा धक्का बांधणार, कंपनी साठ माणसांची बोट आणून तीस वर्षं चालवणार. पण रोज दीडशे माणसं दिसली तरच. कंपनीचा विनीत म्हणाला, "मॅडम, अंदाज नकोत. रेघा मारा."
रेघा! एक माणूस, एक रेघ. बिनशब्दांची कादंबरी! माझ्या वहीत करणारच.
दाजीकाका माझ्याहून खूश. होडी वल्हवून वल्हवून खांदा गेलाय त्याचा. बोट आली तर सुकाणूवर तोच, असं ठरलंय. "गो गौरजा, बसान पगार माका!"

४ फेब्रुवारी
सकाळी सात ते संध्याकाळी सहा, जुन्या धक्क्यावर. अडतीस.
अडतीसच!!

५ फेब्रुवारी
चाळीस. विनीत फोनवर नुसता "अरेरे."
दाजीला आकडा सांगितला तर हसायलाच लागला. "धक्क्यार बसान काय मोजतंस? धक्क्यार येता कोण?"
मी येडी! जन्म देवबागातला, आणि होडीला हाक मारायची ती कूक विसरले! लोक आपापल्या घरामागे पाण्याशी उभं राहून कूक घालतात, दाजी होडी तिथेच नेतो. रोज कानावर पडते म्हणून ऐकूच आली नाही.

६ फेब्रुवारी
दिवसभर होडीत. कान टवकारून!
लांब, शेवटी मोडणारी — सावित्रीवहिनी. दोन आखूड, लागोपाठ — पलीकडची सलीमाचाची. अंड्यांची टोपली, दुखरे गुडघे, पायरीवरून थेट होडीत. "धक्क्यापर्यंत चलत जायसर अंड्यांतसून पिलां भायर येतली गो!" दाजी म्हणे, "मगे कोंबड्यांचा भाडा वेगळा घेतलंय असतंय."
एकशे त्रेसष्ट!!! दाजीने वल्हं डोक्यावर धरून नाचवलं. होडी उलटायची बाकी होती.

११ फेब्रुवारी
विनीतला होडीतून फिरवलं. तोही कूक घालायला शिकला — कोणीच आलं नाही, एक कुत्रं भुंकलं. पण आकडा मान्य! माझा आकडा!

१० मार्च
सह्या झाल्या! ग्रामपंचायतीत कराराची प्रत ठेवलीय, चौऱ्याहत्तर पानं. कंटाळा! शेवटचं पान तेवढं पाहिलं. काय ती शिक्क्यांची जत्रा!
कादंबरी जोरात. आता नुसत्या रेघा नाहीत — लांब कूक, लांब रेघ.

३० नोव्हेंबर
उद्या बोट! दाजीने गणवेश घालून चारदा आरसा पाहिला. होडी वर ओढून पालथी घातली. "आता तू पण आराम कर गो," म्हणाला तिला. मी वही घेऊन पहिल्या फेरीला जाणार. झोप येणं शक्यच नाही!

१ डिसेंबर
भर खाडीत होतो. पलीकडून कूक आली. दोन आखूड, लागोपाठ — सलीमाचाची. दाजीने सुकाणू तिकडे वळवलंच. विनीत हळूच म्हणाला, "दाजी, फक्त धक्क्यावर. करारात आहे." दाजीने सुकाणू सरळ केलं. मागे वळून पाहिलं नाही.
पुन्हा दोन आल्या.
आज दिवसभरात बोटीत माणसं एकेचाळीस. तिची रेघ माझ्याच वहीत आहे, सहा फेब्रुवारीच्या पानावर.