सोमवारची टेप

२५ ऑक्टोबर १९९७, शनिवार
आज ‘पूर्ण’चा वार. शनिवारी सर्व्हरमधलं सगळंच्या सगळं टेपवर उतरतं. सोम ते शुक्र फक्त त्या दिवशी नवं आलेलं किंवा बदललेलं, म्हणजे ‘वाढीव’. वाढीवच्या पाच टेपा, प्रत्येकीवर वाराचं नाव. पुढच्या आठवड्यात तोच वार आला की आधीचं पुसून त्याच टेपवर नवं. सगळं आपोआप. आपोआप म्हणजे संध्याकाळी यंत्र आपलं आपण सुरू होतं. त्याआधी त्याच्या तोंडात योग्य टेप भरवायला मी लागतो.

एम. ए. संस्कृत. कापड रंगवायच्या गिरणीत पत्रव्यवहाराला लागलो. गुजराती शेठच्या वाचनात आलं की संस्कृत ही कॉम्प्युटरला सर्वांत योग्य भाषा. तेव्हापासून सर्व्हर माझ्या गळ्यात. त्याने अजून माझ्याशी संस्कृतात अवाक्षर काढलेलं नाही.

पूर्णची टेप नेहमीप्रमाणे घरी आणली. कारखान्याला आग लागली तर? हिच्या कपाटात, शालूच्या घडीत. ती म्हणते, चोर आला तर आधी हीच नेईल. नेवो बापडा.

२७ ऑक्टो., सोमवार
शेठचं फर्मान. रंगखात्याच्या पाटील मास्तरांनी दिवाळीआधी सगळ्या रंगांची कृती सांगायची, मी टंकायची. एका रंगाला एक फाइल. “काकाने हवे आराम आपीए,” शेठ म्हणाले. काकांना आता आराम, म्हणजे कायमचं घरी; ते मास्तरांना माझ्याआधी कळलं.

तरी आले. तंबाखू मळत खुर्चीवर मांडी घातली आणि आपल्या अहिराणीत सुरू झाले.
“लिखी ले, शास्त्री. मनं डोकं उतारी ले.”
दिवसभर लाल. लालात इतके लाल असतात हे ठाऊक नव्हतं. मध्येच विचारतात, “तुना मशीननं पोट भरनं का?”
नाही म्हटलं.

२९ ऑक्टो., बुधवार
काल निळे-हिरवे, आज काळे आणि उरलेसुरले. संपलं. मान धरली आहे. मास्तर शेवटचा रंग सांगून उठले, तर उठल्यावर काय करायचं ते सुचेना. दारात उभे. मग म्हणाले, चहा तरी पाज.
पाजला.

३० ऑक्टो., गुरुवार, लक्ष्मीपूजन
“चोपडा तो हवे आमां ज छे ने,” शेठ. म्हणून वहीऐवजी टेपेची पूजा. त्यासाठी वार नसताना पूर्ण घेतली. भटजी दुसऱ्या गिरणीत अडकलेले, सबब मंत्र मी. “शास्त्रीजी, नानुं बोलजो.” लहानसंच म्हटलं. शेठनी टेपेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, आणि शकुन म्हणून टेप पुन्हा यंत्रात सरकवली. आतून दळल्यासारखा आवाज आला. सगळ्यांनी नमस्कार केला.

मास्तरांना निरोपाची शाल आणि स्टीलचा डबा. डबा त्यांनी तिथेच शिपायाला दिला.

६ नोव्हें., गुरुवार
गिरणी उघडली. वीज दोनदा गेली-आली, तिसऱ्यांदा सर्व्हरच गेला. डिस्क खलास. शेठ निर्धास्त: पूजेची टेप आहे ना! पूजेची टेप यंत्राने वाचली नाही. शेठनी मग तिला हात जोडले. तरी नाही.

७ नोव्हें., शुक्रवार
बडोद्याहून इंजिनिअर आला. वय माझ्या धाकट्याएवढं. यंत्र उघडून, टेप वाचणाऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाला, “अंकल, हेड पे ये क्या लगाया है?” शेठ शेजारीच उभे, छताकडे बघत. मी म्हटलं, प्रसाद.

पूजेची टेप कायमची गेली. यंत्र पुसून चालू केलं, नवी डिस्क बसवली. हिने शालूतली टेप काढून दिली होती, ती चढवली. शनिवार २५ पर्यंतचं सगळं परत: पार्ट्यांची खाती, माल, येणंजाणं. शेठना घाम आला होता, तो पुसला. फोन आला म्हणून बाहेर गेले.

तेवढ्यात पोरगा बॅग भरत म्हणाला, “बाकी इन्क्रिमेंटल आप डाल देना. मंडे से, लाइन में.” इन्क्रिमेंटल म्हणजे माझ्या वाढीव टेपा. आणि गाडी गाठायला पळाला.

शेठ आत आले. “कलर तो गया ज ने?”
त्यांच्या लेखी रंगांची टेप म्हणजे पूजेचीच. मी बघतो म्हटलं. खोटं नाही. बघतच होतो, ड्रॉवरकडे. सोम, मंगळ, बुध, तिन्ही टेपा तिथेच, रंगांसकट. आजची वाढीव शुक्रवारच्या टेपवर गेली.

शेठनी माझ्यासमोरच मास्तरांना कामावर परत यायचं बोलावणं धाडलं.

८ नोव्हें., शनिवार
मास्तरांनी निरोप्याला सांगितलं, विचार करून कळवतो. निरोप्या परत पोचायच्या आत स्वतः हजर. गावी जायची गाठोडी बायकोने बांधली होती, ती सोडायला लावली म्हणे. शेठनी खुर्ची दिली. मास्तर बसले नाहीत, सरळ खात्यात गेले आणि पोरांवर ओरडले. ओरडणं इथपर्यंत ऐकू आलं. प्रकृती उत्तम दिसते.

दुपारी माझ्याकडे.
“शास्त्री, खरं सांग. मना रंग गयात का?”
तोंड उघडलं.
“र्‍हाऊ दे. नको सांगू.” आणि चुन्याची डबी पुढे केली. मी खात नाही, त्यांना माहीत आहे.

९ नोव्हें., रविवार
आडवा पडून होतो. तिन्ही टेपा चढवल्या तर मास्तर पुन्हा घरी. न चढवल्या तर शेठचं मीठ. बरं, न चढवायला काही करावंही लागत नाही. उद्या सोमवार. सोमवारी सोमवारची टेप घालायची, यंत्र पुसेल. लाल गेले. मंगळवारी निळे-हिरवे. आपोआप.

हिला सांगितलं. म्हणाली, “शेठना सरळ विचारा, दोन्ही ठेवा म्हणावं, माणूसही आणि टेपही.” इतकं सरळ उत्तर शास्त्रात सापडलं नसतं. पण शेठना हेही सांगावं लागेल की शुक्रवारी मी गप्प का बसलो.

१० नोव्हें., सोमवार
शेठ मुंबईला. बुधवारी येतील.

संध्याकाळी ड्रॉवर उघडून बसलो. सोमवारची हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. यंत्र थांबत नाही. शेवटी एक कोरी फोडून घातली, वरती ‘सोम’ लिहिलं. जुनी खिशात. उद्या मंगळवारचंही असंच करावं लागेल.

गिरणी सचिन गावाला; तिथून तिच्याच बसने परतलो. मास्तर शेजारी. आज रंगाचा पहिलाच घाण मनासारखा उतरला, त्याचं वर्णन पांडेसऱ्याच्या थांब्यापर्यंत. मग बोलता बोलता झोपले, डोकं माझ्या खांद्यावर. शर्टाला त्यांच्या रंगाचा वास. टेप त्याच बाजूच्या खिशात, कोपरा बरगडीला टोचत होता. हललो नाही.

त्यांचा थांबा, बमरोली, आला; उठवलं.
“सकायले भेटूत, शास्त्री.”
हो म्हटलं.